रविवारची गोळी आणि लेझरची सिटिंग

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या, ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. सासूबाई 62 वर्षांच्या, नौपाड्यात सासऱ्यांबरोबर राहतात. यंदा बोटांचे सांधे सुजले, सकाळी मुठी वळेनात. तपासण्यांत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात निघाला. श्रावण लागला तेव्हा डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू केल्या. औषधाच्या दुकानदाराने सहज सांगून टाकलं, "ही कॅन्सरचीपण गोळी आहे," तेव्हापासून त्या धास्तावल्या. सोमवारी दिवसभर त्यांना मळमळतं. गणपतीनंतर जवळच्या एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये 'लो लेव्हल लेझर'चं, म्हणजे कमी ताकदीच्या लेझरच्या शेकाचं, 15 सिटिंगचं पॅकेज घेतलं. दसऱ्यापर्यंत बराच आराम पडला. क्लिनिकमध्ये सांगण्यात आलं की लेझरने पांढऱ्या पेशी शांत होतात, इम्युनिटी ताळ्यावर येते, मग हळूहळू गोळ्या लागत नाहीत. कोजागिरीपासून सासूबाईंनी गोळी बंद केली आहे. दोन रविवार गेले, त्रास वाढलेला नाही. शेजारणीच्या सांगण्यावरून गुळवेलीचा काढा सुरू आहे. "मी काही बोलले की 'तुला माझं बरं झालेलं बघवत नाही' असं ऐकावं लागतं. मिस्टर म्हणतात, तुम्ही दोघी बघून घ्या. लेझर हे थोतांड आहे हे आईंना कसं पटवू? आणि उरलेल्या सात सिटिंगचे पैसे परत मागू का?"

नमस्कार ताई,

आधी तातडीचं. या आठवड्यातच सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन रविवारच्या गोळ्या चुकल्या आहेत हे स्पष्ट सांगा. पुढचा डोस कधी आणि किती, ते तेच ठरवतील. चुकलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम घ्यायच्या नाहीत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे. ते चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. घरात कोणीही या गोळ्या घेत असेल तर वार ठरवून पाकिटावर ठसठशीत लिहून ठेवा, आणि बीपीच्या गोळ्यांच्या डबीत ही गोळी ठेवू नका.

आता निवांत बोलू.

लेझर हे थोतांड आहे हे आईंना कसं पटवू, असं तुम्ही विचारता. मी तुम्हाला यात मदत करणार नाही, कारण ते थोतांड नाही. क्लिनिकमध्ये जे सांगितलं त्याचा पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी खरा आहे. घोळ आहे तो "मग गोळ्या लागत नाहीत" या शेपटात. तुम्ही पहिला भाग खोटा ठरवायला गेलात की सासूबाईंना, ज्यांच्या बोटांना खरोखर आराम पडलाय, तुमचं पुढचं काहीही ऐकावंसं वाटणार नाही. त्यांच्या जागी मीही ऐकलं नसतं.

या उपचाराचा जन्मच थोडा अपघाताने झाला. पहिला लेझर 1960 साली तयार झाला. त्यानंतर काही वर्षांनी, 1967 च्या सुमारास, बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर नावाचे डॉक्टर लेझरने कॅन्सरच्या गाठींवर काही परिणाम होतो का हे उंदरांवर पाहत होते. त्यांच्या यंत्राची ताकद कमी पडली, गाठींना काही झालं नाही. पण भादरलेल्या जागेवर केस भराभर उगवले, आणि पुढे जखमाही लवकर भरताना दिसल्या. तेव्हापासून हा प्रश्न चालत आलाय: न जाळणारा, न कापणारा, मंद प्रकाश पेशींना करतो तरी काय?

आज बहुतेक संशोधक ज्या उत्तराकडे झुकतात ते असं. लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत पोचतो. तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं प्रथिन तो शोषून घेतं. त्या प्रथिनाला अडवून बसलेला नायट्रिक ऑक्साइड सुटतो, पेशीची ऊर्जा तयार करण्याची गती थोडी वाढते, आणि थोड्या वेळापुरते ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू निर्माण होतात. त्यातून पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जातात आणि कोणती जनुकं चालू, कोणती बंद, यात फरक पडतो. म्हणजे प्रकाश काही मिनिटांचा, पण परिणाम त्यानंतरही काही तास ते दिवस रेंगाळतो.

प्रतिकारशक्तीच्या पेशींवर जे दिसतं ते मला सगळ्यात रंजक वाटतं. सुजलेल्या सांध्यात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. त्यांचं वागणं ढोबळमानाने दोन तऱ्हांचं: एक दाह भडकवणारं, दुसरं झालेली नासधूस आवरून डागडुजी करणारं. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि प्राण्यांवर केलेल्या बऱ्याच प्रयोगांत योग्य मात्रेच्या प्रकाशानंतर पहिली तऱ्हा ओसरते आणि दुसरी वाढते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्या जागी कमी गर्दी करतात. टीएनएफ-अल्फा, आयएल-6 हे दाहाचे निरोप्ये घटतात. प्रोस्टाग्लँडिन ई-2 सुद्धा घटतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांचा निशाणाही तोच असतो. गंमत म्हणजे तोच प्रकाश निवांत बसलेल्या पेशीवर पडला तर तिला किंचित चाळवतो, आणि भडकलेल्या पेशीवर पडला तर तिला शांत करतो. त्यामुळे "लेझरने इम्युनिटी वाढते" आणि "लेझरने इम्युनिटी कमी होते" ही दोन्ही वाक्यं माहितीपत्रकावर छापायला सोपी असली तरी कामाची नाहीत.

मात्रेचंही तसंच आहे. ती जूलमध्ये मोजतात. 100 मिलिवॉटचं यंत्र एका बिंदूवर 40 सेकंद धरलं की 4 जूल होतात. मात्रा फार कमी असेल तर काही होत नाही आणि फार जास्त झाली तर फायदा मावळतो, कधी उलटतो. "आज जरा जास्त वेळ द्या हं" असं आपण मसाज करणाऱ्याला म्हणतो, तसं इथे म्हणून चालत नाही.

मग माणसांवर काय दिसलं? आमवातापुरतं सांगते. कोक्रेन या संस्थेने 2005 साली उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या. खोटा लेझर दिलेल्या रुग्णांशी तुलना केलेल्या पाच चाचण्या होत्या, रुग्ण 222. खरा लेझर मिळालेल्यांचं दुखणं थोडं कमी झालं, 10 च्या पट्टीवर साधारण एका गुणाने. सकाळची आखडण सरासरी 27 मिनिटांनी घटली. हे अगदीच क्षुल्लक नाही. सकाळी उठल्यावर चहाचा कप धरता येणं अर्धा तास आधी जमलं तर ते त्या माणसाला विचारा. पण त्याच आढाव्यात सांध्यांची सूज आणि हातांनी रोजची कामं करण्याची क्षमता यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. आणि या चाचण्या थोड्या आठवड्यांच्या होत्या. दुखणं आणि आखडण यांच्यापुरता, काही काळ मिळणारा आराम, एवढंच त्यातून म्हणता येतं.

आता आमवात म्हणजे काय ते पाहा. दुखतात बोटं, पण आजार बोटांत जन्मत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू लागते, आणि हे कित्येकदा पहिला सांधा सुजायच्या काही वर्षं आधीपासून चालू असतं. ते काम रक्तात, लसिकाग्रंथींत, सगळीकडे चालतं. फुप्फुसांना, डोळ्यांनाही त्याची झळ लागू शकते. लेझरचा प्रकाश त्वचेखाली काही मिलिमीटर ते फार तर काही सेंटिमीटर जातो, आणि जिथे धरला तिथेच काम करतो. बोटांचे सांधे त्वचेच्या अगदी लगत असल्याने तिथे तो पोचतो, हे सासूबाईंचं नशीब. पण खाली गॅस मोठा ठेवून उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारत राहावं, तसं ते आहे. फुंकरीने दूध क्षणभर खाली बसतं, हे खरंच. गॅस बारीक करायचं काम मेथोट्रेक्सेट करतं.

आणि तो गॅस लवकर बारीक करणं महत्त्वाचं आहे. आमवातात हाडांची झीज बऱ्याचदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि एकदा झिजलेला सांधा कोणत्याच उपायाने पूर्ववत होत नाही. दुखणं कमी असतानाही आत झीज चालू राहू शकते. माझी खरी काळजी इथे आहे. लेझरने अपाय व्हायची भीती कमी. त्याने आराम पडतो, आणि त्या आरामाच्या भरवशावर महिने निघून जातात, ही भीती जास्त.

आता तुमच्या पत्रातल्या तारखा बघा. गोळ्या श्रावणात सुरू झाल्या. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. श्रावणातून मोजलं तर तो काळ नेमका दसऱ्याच्या आसपास येतो. लेझर मधेच, गणपतीनंतर सुरू झाला. म्हणजे दसऱ्याला जो आराम पडला त्याचं श्रेय कोणाचं? माझ्या मते बरंचसं गोळ्यांचं, थोडं लेझरचं, आणि थोडं क्लिनिकमध्ये करून घेतलेल्या बोटांच्या व्यायामाचं. पण श्रेय गेलं शेवटी आलेल्या पाहुण्याला. तसंच "दोन रविवार गोळी नाही, तरी त्रास नाही" याचंही. या औषधाचा परिणाम जसा सावकाश चढतो तसाच सावकाश उतरतो. दोन आठवड्यांत काही झालं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पत्रात आणखी एक ओळ होती जी मला खटकली: "लेझरखाली हात छान उबदार होतात." कमी ताकदीच्या लेझरमध्ये साधारणपणे काहीच जाणवत नाही. ऊब येत असेल तर यंत्र जास्त ताकदीचं असेल, किंवा सोबत वॅक्स बाथ (कोमट वितळलेल्या मेणात हात बुडवणं) नाहीतर शेक देत असतील. दोन्हींत गैर काही नाही. वॅक्स बाथ आमवाताच्या हातांना फार सुखावतो, आणि तो स्वस्तही असतो. पण 15 सिटिंगचे पैसे ज्याचे भरलेत ते नक्की काय आहे, हे विचारायला हरकत नाही. तरंगलांबी किती, ताकद किती मिलिवॉट, एका बिंदूला किती जूल देता, एवढं विचारा. प्रामाणिक फिजिओथेरपिस्ट हे आनंदाने सांगतात, बहुतेकांनी नोंदवहीत लिहिलेलंही असतं. "मशीन ऑटोमॅटिक आहे" असं उत्तर आलं तर काय समजायचं ते तुम्ही समजाल. डोळ्यांवर संरक्षक चष्मा पेशंट आणि थेरपिस्ट दोघांनाही हवाच. इन्फ्रारेड दिसत नाही, म्हणूनच तो डोळ्यांना जास्त धोक्याचा.

आता त्या ओळीकडे येते जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: सोमवारी दिवसभर मळमळतं. माझ्या मते सगळ्या पत्राचं मूळ इथे आहे. तुम्ही समजताय की सासूबाई लेझरच्या नादी लागून गोळ्या सोडत आहेत. मला वाटतं, त्यांना गोळ्या सोडायच्याच होत्या आणि लेझरने त्यांना कारण दिलं. आठवड्यातला एक दिवस अन्न नकोसं होणं, त्यात कॅन्सरच्या गोळीची धास्ती, हे कोणालाही पुरे आहे. आणि या दोन्हींवर उपाय आहेत. मळमळीसाठी डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात, ते सुरू आहे का आणि नीट घेतलं जातंय का ते पाहा. काही वेळा त्याची मात्रा वाढवतात, मेथोट्रेक्सेटचा डोस एकाच दिवसात दोन भागांत विभागतात, किंवा गोळीऐवजी त्वचेखाली इंजेक्शन देतात, ते पोटाला बरंच सोसतं. हे काहीच जमलं नाही तर दुसरी औषधंही आहेत. पण डॉक्टरांना मळमळ सांगितलीच नाही तर ते यातलं काही करणार कसं? मनाने डोस कमी-जास्त मात्र करू नका.

कॅन्सरची गोळी म्हणाल, तर दुकानदार चुकीचं बोलला नाही, अर्धवट बोलला. आमवातात हे औषध आठवड्याला साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम देतात. काही कॅन्सरमध्ये तेच एका वेळी शेकडो मिलिग्रॅम, कधी ग्रॅममध्ये देतात. सासूबाईंना कॅन्सर आहे आणि घरच्यांनी लपवलाय, अशी शंका तर त्यांच्या मनात नाही ना? हे एकदा हळूच विचाराच. या वयाच्या बायकांच्या मनात ती फार सहज शिरते, आणि त्या ती कोणाला बोलून दाखवत नाहीत.

गुळवेलीचा काढा सध्या थांबवा आणि तो चालू होता हे डॉक्टरांना सांगा. आमवातात संरक्षण यंत्रणा आधीच स्वतःवर उलटलेली असते, तिला "वाढवायचा" प्रश्नच येत नाही. शिवाय 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. तो वाद कोणीही जिंको, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसाच्या यकृताची रक्ततपासणी ठरावीक काळाने करावीच लागते. त्यात आणखी एक शंका कशाला वाढवायची?

आता घरातलं. सासूबाईंना क्लिनिक का आवडतं याचा जरा विचार करा. तिथे कोणीतरी अर्धा-पाऊण तास त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन एकेक बोट विचारतं. डॉक्टरांकडे पाच मिनिटं, तीही रिपोर्ट बघण्यात जातात. त्यात तुम्ही फोनवरून, बहुधा ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभ्या राहून, "गोळी घेतली का?" एवढंच विचारता. तुमचा दोष काढत नाहीये, ऐरोलीहून नौपाडा आणि पुढे घोडबंदर, यात संध्याकाळ कुठे जाते मला माहीत आहे. पण एकदा त्यांच्याबरोबर सिटिंगला जा. थेरपिस्टशी भांडायला जाऊ नका. बसा, बघा, व्यायाम कोणते करून घेतात ते शिकून घ्या. "लेझरने तुम्हाला आराम पडतोय, तो चालू ठेवू. गोळीने मळमळतं, त्याचं डॉक्टरांना विचारू," हे वाक्य त्यांच्या कानाला वेगळं लागेल. तुम्ही लेझरच्या बाजूने बोललात की "बरं झालेलं बघवत नाही" हा आरोप आपोआप गळून पडतो.

आणि तुमचे मिस्टर. पत्रभर ते एकाच वाक्यात येतात, तेही "तुम्ही दोघी बघून घ्या" म्हणत. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला आईबरोबर मुलाने जावं. गोळी आणि कॅन्सरचा खुलासा सुनेच्या तोंडून झाला तर तो वाद होतो, मुलासमोर डॉक्टरांनी केला तर माहिती होते. हे न्याय्य आहे का? नाही. पण सासूबाईंच्या सांध्यांना आपल्या न्यायासाठी थांबायला वेळ नाही. एक सुट्टी काढायला सांगा मिस्टरांना.

त्या भेटीआधी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज एक आकडा लिहायला सांगा: उठल्यापासून मूठ पूर्ण वळेपर्यंत किती मिनिटं गेली. हे सासूबाईंनी स्वतःच लिहावं. डॉक्टरांना या आकड्यांचा उपयोग होतो, आणि सासूबाईंना स्वतःलाही कळतं की आपल्याला कशाने किती फरक पडतोय. सोबत ईएसआर आणि सीआरपी (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तशा करून घ्या. सीआरपी चढाच असेल तर बोटं दुखत नसली तरी आत दाह चालू आहे, हे सासूबाईंना कागदावर दाखवता येईल.

हे वाचून ज्यांना आपलं गाऱ्हाणं आठवलं, त्यांच्यासाठी थोडं. गुडघ्याची वयोमानानुसार झीज हा आमवात नव्हे. तिथे लेझरबद्दल आढावे एकमेकांशी जुळत नाहीत. 2019 च्या एका मोठ्या आढाव्यात 22 चाचण्या होत्या आणि मात्रा नीट दिली तिथेच फायदा ठळक दिसला. मानेच्या जुनाट दुखण्याबाबत 2009 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आढावा बराच अनुकूल होता. सगळ्यात भक्कम पुरावा मात्र अशा ठिकाणी आहे जिथे आपल्याला तो सुचणारही नाही: कॅन्सरच्या किरणोपचाराने आणि केमोने तोंडात येणारे असह्य व्रण. त्यावर मणिपालमध्ये झालेली चाचणी 2012 साली प्रसिद्ध झाली, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हा उपचार आहे. घरी कोणाचे तोंडाच्या कॅन्सरचे उपचार चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा, पण हा लेझर कॅन्सर केंद्राच्या देखरेखीतच घ्यायचा. एरवी गाठीवर किंवा शंकास्पद जागेवर लेझर मारून घेऊ नका, गरोदरपणात पोटावर नको, आणि उन्हाची रिअ‍ॅक्शन येणारी औषधं घेत असाल तर आधी सांगा. ज्या तरुण मुलींना आमवात आहे आणि बाळाचा विचार आहे, त्यांनी मेथोट्रेक्सेटबद्दल डॉक्टरांशी काही महिने आधीच बोलायला हवं, गरोदरपणात ते चालत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या लाल दिव्यांच्या पट्ट्यांवर जूलचा आकडाच नसेल तर पैसे वाचवा.

उरल्या सात सिटिंग. पैसे परत मागू नका. गोळी पुन्हा सुरू होत असेल तर त्या सगळ्या सिटिंग घ्या, डॉक्टरांना कल्पना देऊन. मात्र पंधराव्या सिटिंगला दुसरं पॅकेज समोर ठेवतील तेव्हा लगेच हो म्हणू नका. कॅलेंडरचे आकडे आणि सीआरपीचा नवा रिपोर्ट सासूबाईंसमोर ठेवा आणि पैसे पुन्हा भरायचे का, ते त्यांनाच ठरवू द्या.